थोरांचे आवाज

यजमान गेले त्यानंतरचं वर्ष मी घरातच बसून काढलं. मुलगा आणि सून वारज्याला राहतात. दर रविवारी दोघं यायची आणि निघताना सून मला काहीतरी सुचवून जायची. आधी योगासनं सुचवली, मग भजनी मंडळ. मग एकदा म्हणाली, "आई, अंध मुलांना अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवायला माणसं हवी असतात. तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत." उच्चारांचं कौतुक केलं की सदाशिव पेठेतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे तिला एव्हाना कळलं होतं.

अशी ती मुलगी माझ्याकडे येऊ लागली. वय चोविशीच्या आसपास. गाव नागपूरच्याही पलीकडचं, धानाच्या मुलखातलं. पुण्यात बिबवेवाडीला अंध मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. बसने यायची आणि थांब्यापासून काठी टेकत एकटीच चालत यायची. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी मी दार उघडून वाट पाहत उभी होते. ती वर पोचल्यावर मी विचारलं, "जिने फार झाले का गं?"

"जिने ठीक आहेत मॅडम," ती दम खात म्हणाली. "जिन्यातल्या चपला फार आहेत."

मला मुलगी आवडली. ती बसून पाणी पिईपर्यंत मी खाली जाऊन दोन घरांची दारं वाजवली आणि चपला आत घ्यायला सांगितल्या. एका घराने घेतल्या.

पुस्तक तिनेच आणलं होतं. महाराष्ट्रातले समाजसुधारक आणि राज्य घडवणारी माणसं असा विषय. परीक्षेला हमखास येतो म्हणे. जाडजूड मार्गदर्शक होता तो, आणि त्यात प्रत्येक थोर माणूस दीड पानात आटोपला होता. जन्म कुठे, शिक्षण किती, संस्था कोणत्या, ग्रंथ कोणते, निधन केव्हा. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. तिने मोबाईल मधे ठेवून ध्वनिमुद्रण सुरू केलं. तासभर मी एकदाही न अडखळता वाचलं आणि वाचून झाल्यावर स्वतःवर बरीच खूष होऊन तिच्याकडे पाहिलं.

तिने ध्वनिमुद्रण थांबवलं. मग म्हणाली, "मॅडम, रागावणार नाही ना?"

"आधी बोल, मग ठरवते."

"मोबाईलमधे एक बाई आहे. ती पण असंच वाचते. जन्म पण तसाच, मरण पण तसंच. तिला कोणाचंच काही वाटत नाही. म्हणून मी तुमच्याकडे येऊन राहिली."

खरं सांगायचं तर मला राग आला. फुकट वाचून दाखवायचं आणि वर टीका ऐकायची. पण ती गेल्यावर मी ते पुस्तक पुन्हा उघडून बसले आणि मनातल्या मनात स्वतःचं वाचन ऐकून पाहिलं. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात तसं वाटत होतं.

पुढच्या खेपेला मी सावकाश वाचलं. शब्द तेच होते, पण वाचताना ज्याच्याबद्दल वाचते आहे तो माणूस खोलीत बसला आहे असं धरून चालले. ती ऐकत राहिली. तिची मान जराशी कलली. मधेच तिने एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढून फिरणाऱ्या एका माणसावरचं दीड पान संपलं तेव्हा ती म्हणाली, "हे काका शेतातून आलेले वाटतात."

"पुस्तकात तसं काही नाहीये."

"पुस्तकात नाही. तुम्ही वाचलं त्याच्यात आहे."

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो उतारा मी माझ्या वडिलांच्या चालीने वाचला होता. माझं माहेर वारज्याचं. तेव्हा ते गाव होतं आणि वडील तिथे भाजीपाला काढत. बोलणं 'हाय' आणि 'न्हाय'चं, आवाज जड, आणि वाक्य कितीही लहान असो, ते कधी घाईने संपवायचे नाहीत. वडील जाऊन जमाना लोटला. त्यांच्यासारखं बोलायचं मी काही ठरवलं नव्हतं.

मग त्या मुलीला एक खेळच सापडला. बायकांच्या बाजूने परखड लिहिणाऱ्या एका जुन्या बाईंचा उतारा माझ्या तोंडून आमच्या मुख्याध्यापिकेसारखा निघाला, तर ती त्यांना 'रागीट बाई' म्हणायला लागली. आश्रमासाठी दारोदार फिरून मदत मागणाऱ्या एका गृहस्थांना माझ्या मामाचा आवाज मिळाला. मामा सायकलवरून लुगडी विकायचा आणि कोणी हाकललं तरी हसून पुढच्या दाराशी जायचा. मुलगी त्यांना 'हसरे आजोबा' म्हणायची. उजळणी घेताना मी विचारायचे, "अमुक संस्था कोणी काढली?" तर ती आधी म्हणायची, "हसऱ्या आजोबांनी," आणि मग खरं नाव सांगायची. नावं चुकायची नाहीत.

एकदा चहा घेताना मी तिला विचारलं, "तुला ह्या थोरांचे चेहरे कधी पाहायला मिळाले होते का गं?" तिची नजर ती तिसरीत असताना गेली, हे तिने मला सांगितलेलं होतं.

"शाळेत फोटो होते," ती म्हणाली. "फळ्याच्या वर रांगेनं. जयंतीला हार घालायचे. पिवळे झेंडू आठवतात. चेहरे काही आठवत नाहीत. हार लई मोठे राहायचे."

तोवर मी मॅडमची मावशी झाले होते.

एक मे जवळ आला. तिच्या वसतिगृहात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम व्हायचा होता. राज्य घडवणाऱ्या माणसांची ओळख मुलींनीच करून द्यायची असं ठरलं. कार्यक्रम बसवणारे एक गृहस्थ होते, निवृत्त आणि फार उत्साही. त्यांनी हिला सांगितलं, "तू गाणं म्हण."

"मला गाता येत नाही सर."

"असं कसं? तुम्हा मुलींना गळा असतो."

"गळा आहे सर, पण सूर नाही," ही म्हणाली. "मी बोलते ना एखाद्यावर."

त्यांनी बराच विचार करून परवानगी दिली. हे सगळं तिने मला येऊन सांगितलं तेव्हा मी विचारलं, "कोणावर बोलणार आहेस?" ती सांगेना. "या तुम्ही, आणि ऐका," एवढंच म्हणाली.

मी गेले. वसतिगृहाच्या सभागृहात पंखे भरधाव फिरत होते आणि तरी घाम येत होता. पुढे टेबलावर ओळीने तसबिरी मांडल्या होत्या. पाहुणे आले, दिवा लावला, राज्यगीत झालं. एका मुलीने पोवाडा म्हटला, तो फारच छान म्हटला. दोघीतिघी पाठ केलेलं घडाघडा बोलून गेल्या. पाहुणे मोबाईलकडे बघत होते. मग माझ्या मुलीचं नाव पुकारलं. माझी मुलगी, असंच मनात आलं माझ्या.

तिने निवडला होता तो बायकोला घरी शिकवणारा सुधारक. आपल्याकडे असे एकाहून जास्त होऊन गेले, आणि त्या पुस्तकात प्रत्येकाच्या वाट्याला ते शिकवणं एकाच ओळीत आलं होतं: पत्नीस त्यांनी घरीच लिहावाचायला शिकवले. ती माईकपाशी उभी राहिली, माईक हाताने चाचपून थोडा खाली घेतला आणि सावकाश बोलायला लागली. जन्म, गाव, विरोध, शाळा, सगळं आलं. मग ती त्या ओळीवर आली. दिवसभराचं काम करून दमून आलेला माणूस रोज घरी पाटी घेऊन बसायचा म्हणजे काय, ते तिने दोन साध्या वाक्यांत सांगितलं. आणि तो भाग संपला तेव्हा ती थांबली, मान किंचित पुढे केली आणि समोरच्या सगळ्यांना हळूच म्हणाली, "हं?"

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि घरंगळत पुढच्या खुर्चीखाली गेली.

ते 'हं?' माझ्या यजमानांचं होतं. तसंच्या तसं. शेवटी जरा वर चढणारं, मागे हटायला तयार असलेलं. कळलं का, असं विचारणारं, पण नाही कळलं तरी चालेल असंही सांगणारं. त्या सभागृहात ते ओळखणारी मी एकटी होते. ती पुढे बोलत राहिली आणि पुढचा भाग संपला तेव्हा ते पुन्हा आलं. एव्हाना पाहुण्यांनी मोबाईल खिशात ठेवला होता, आणि मागच्या रांगेतली एक मुलगी त्या 'हं?'ला चक्क "हं" म्हणून उत्तर देत होती. पुढे काय झालं ते मला नीटसं ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी बाहेर पडलो. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथल्या बाकावर बसलो. मी विचारलं, "ते 'हं' कुठून आणलंस तू?"

"तुमच्याकडूनच," ती म्हणाली. तिला वाटलं मी चिडले आहे. "ह्यांचं पान वाचताना तुम्ही परिच्छेद संपला की तसं म्हणता. फक्त ह्यांच्याच वेळी. रागीट बाईंच्या वेळी नाही, हसऱ्या आजोबांच्या वेळी पण नाही. मी तर रेकॉर्डिंग किती वेळा ऐकून राहिली."

"मी म्हणते?"

"हाव," ती म्हणाली. तिकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात. मग तिने विचारलं, "मावशी, ते कोण होते?"

"कोण म्हणजे? तूच तर आत्ता त्यांच्यावर बोललीस."

"ते नाही. ज्यांचा आवाज आहे ते."

रस आला होता. तो मी तिच्या हातात दिला आणि माझा पेला बाकावर तसाच ठेवला. आणि जे मी आजवर कोणाला सलग सांगितलेलं नव्हतं ते त्या मुलीला सांगितलं.

मी अकरावी करून एकोणिसाव्या वर्षी ह्यांच्या घरी आले. हे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधायचं काम. तिथे दोघं समोरासमोर बसत, एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. परिच्छेद संपला की वाचणारा विचारायचा, "हं?" दुसरा म्हणायचा, "हं." मग पुढे. दिवसभर हेच. लग्नानंतर काही दिवसांनी ह्यांनी मला विचारलं, "पुढे शिकायचं आहे का तुला?" मी म्हणाले, "वेळ कुठे आहे? सकाळपासून हात कामात." तर म्हणाले, "हात नसतील मोकळे. कान आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून आल्यावर हातपाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसले. मी पोळ्या लाटत होते. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र. दिवसभर वाचून घसा बसलेला असायचा, तरी वाचायचे. परिच्छेद संपला की "हं?" मी पोळी उलटत म्हणायचे, "हं." कळलं नसलं की गप्प राहायचे, मग ते तोच परिच्छेद पुन्हा वाचायचे, काही न बोलता. माझे उच्चार गावाकडचे होते. मी चुकीचा म्हटलेला शब्द ते जरा वेळाने स्वतःच्या बोलण्यात बरोबर वापरायचे. चुकलं असं कधी म्हणाले नाहीत. सासूबाई आतल्या खोलीत वाती वळत बसायच्या. सुरुवातीला त्यांनी भांड्यांचा आवाज वाढवून नापसंती कळवली. नंतर नंतर आतून विचारायला लागल्या, "काल त्या राजाचं अर्धंच राहिलं, त्याचं पुढे काय झालं?"

असं करत मी बाहेरून परीक्षा देऊन बी. ए. झाले. मग एका सहकारी बँकेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लोक मला म्हणायचे, तुम्ही जिद्दीच्या. मीही हो म्हणायचे.

मुलगी ऐकत होती. उसाचा चरक मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला. ती म्हणाली, "ते दमत नव्हते?"

"दमायचे. कधी वाचता वाचता डोळा लागायचा. मी लाटणं पोळपाटावर आपटायचे, की जागे होऊन पुढची ओळ वाचायचे."

ती हसली. मग बराच वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मावशी, त्यांचं नाव पुस्तकात पाहिजे होतं."

"कशाला? दीड पानात आटोपलं असतं," मी म्हणाले. मग मला रडू आलं. यजमान गेले तेव्हा मी सगळ्यांदेखत व्यवस्थित वागले होते. पाहुण्यांना चहा विचारला होता. आज बिबवेवाडीच्या रस्त्यावर, गुऱ्हाळाच्या बाकावर, ओळखीचं कोणी नसताना मला रडू आलं. तिने चाचपून माझा हात शोधला आणि धरून ठेवला. बसची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "रस पिऊन घ्या, गरम होऊन राहिला."

त्या वर्षी ती परीक्षेत थोडक्यात राहिली. परीक्षेला तिला लेखनिक मिळतो. ती सांगते आणि तो लिहितो. मी लेखनिक व्हायला तयार होते, पण लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो आणि माझी पदवी त्या नियमात बसत नव्हती. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करून ठेवली होती. ती बसली, मोबाईल मधे ठेवला आणि म्हणाली, "पहिल्यापासून."

आम्ही पहिल्यापासून वाचलं. ह्या वेळी मला माहीत होतं की ते पान आलं की माझा आवाज कुठे जातो. आधी थोडं अवघडल्यासारखं झालं. मग मीच त्या पानाची वाट पाहायला लागले. ते आलं की ती सरसावून बसायची आणि परिच्छेदाच्या शेवटी दोघींचं 'हं?' एकदमच व्हायचं. एकदा रविवारी ती आलेली असताना मुलगा आणि सूनही आली होती. मी आत वाचत होते. बाहेरच्या खोलीत मुलाने टीव्ही बंद केला. वाचून झाल्यावर मी बाहेर आले तर तो खिडकीपाशी उभा होता. म्हणाला, "बाबा वाचायचे तसं वाटलं." त्याला लहानपणचं आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो तेव्हा माझ्या पायाशी पिठाचे गोळे करत बसायचा.

दुसऱ्या वर्षी ती पास झाली. लिपिकाची जागा, आणि तीही तिच्याच जिल्ह्यात. न्यायला तिचे वडील आले. गावात शिवणकाम करतात. सडपातळ, संकोची गृहस्थ. खुर्ची दिली तरी बसेनात. सोबत घरच्या तांदळाची पिशवी आणली होती, ती त्यांनी कुठे ठेवावी न कळून हातातच धरली होती.

"पोरगी फोनवर तुमचंच सांगत राहते," ते म्हणाले. "एक डाव ऐकायचं होतं मले. तुम्ही वाचता ते."

मी मुलीकडे पाहिलं. ती गालात हसत होती. तिने पुस्तक काढून दिलं. मी विचारलं, "कोणाचं वाचू?"

"शेतातल्या काकांचं," ती म्हणाली.

तेव्हा कुठे पिशवी पायाशी ठेवून ते खुर्चीच्या कडेवर टेकले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नजर जमिनीला लावून त्यांनी सगळं दीड पान ऐकलं. माझे वडील घरात बसले असते तर असेच बसले असते. वाचून झाल्यावर ते उठले. मग म्हणाले, "बरं वाटलं." एवढंच. जाताना त्यांनी मुलीच्या काठीला हात लावला नाही, पुढेही झाले नाहीत. तिच्या एक पायरी मागून उतरत गेले.

आता तिचा फोन येतो. बहुतेक दुपारच्या सुट्टीत. कचेरीतल्या गमती सांगते. परवा बायकोला घरी शिकवणाऱ्या त्या सुधारकांची जयंती होती. साहेबांनी फोटोला हार घातला, सगळ्यांनी नमस्कार केला, मोबाईलवर फोटो काढला आणि लोक चहाकडे वळायला लागले. हिने विचारलं, "साहेब, दोन मिनिटं बोलू का?" साहेब म्हणाले, "बोल की." ही बोलली, आपल्या पद्धतीने.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, चहा थंडा झाला. पण कोणी काही म्हटलं नाही. आणि मावशी, आमच्याकडं फाईली आणून देणाऱ्या एक बाई आहेत. त्या नंतर माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणे, नवरा शिकवायला बसायचा तर त्या बाईंना राग नव्हता येत का? घरचं काम पडलेलं राहते आणि हा पाटी घेऊन बसते. मी म्हटलं, माझ्या पुण्याच्या मावशीला विचारून सांगते. काय सांगू?"

"पुस्तकात तसं काही दिलेलं नाही, असं सांग."

"ते सांगितलं. त्या म्हणे, पुस्तकाचं नको, खरं सांगा."

मी गॅस बारीक केला.

"त्यांचं मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "पण माझ्यापुरतं विचारलंस तर फार राग यायचा. पोळी करपली की तर जास्तच."

ती मोठ्याने हसली. मागून कोणीतरी तिला हाक मारली. "सांगते त्यांना," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.